डिस्क अडली म्हणून फॉरमॅट मारू नका



अल्बमची जागा आता हार्ड डिस्कने घेतली आहे. निकाहचे फोटो, अम्मी-अब्बांच्या हजचे व्हिडिओ, मुलांचे दाखले, जमिनीचे उतारे, सगळे एका डबीत. आणि ही डबी आपण चालू संगणकातून सरळ ओढून काढतो. कधी काम चालू असतानाच लाइट जाते.

शहाद्याच्या एका पालकांनी अशीच डिस्क शाळेत आणली. घरच्या विंडोज संगणकातून घाईत काढलेली. शाळेच्या उबंटूवर तिचे नाव दिसे, पण क्लिक केले की 'माउंट करता येत नाही' असा संदेश येई. दुकानदाराने फॉरमॅट सुचवले होते. डिस्कमध्ये त्यांच्या मरहूम वडिलांचा आवाज होता.

आधी कारण समजून घ्या. कॉपी करताना संगणक बराच मजकूर स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. मध्येच वायर ओढली की फाइलींची नोंदवही अर्धवट राहते. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर 'नीट बंद झाली नाही' अशी खूण उरते. ती दिसली की लिनक्स बऱ्याचदा डिस्क उघडत नाही किंवा तिच्यावर लिहू देत नाही. नुकसान वाढू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणजे संदेश आला म्हणून फोटो गेले असे नाही.

मग काय करावे?

१. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

२. टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' हा आदेश देऊन डिस्कचे नाव आणि आकार नीट ओळखा. चुकीच्या डिस्कवर आदेश चालला तर मोठे नुकसान होते.

३. 'माउंट' आदेशाला 'आरओ' म्हणजे 'फक्त वाचा' हा पर्याय जोडून डिस्क उघडून पाहा. उघडली तर आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे कॉपी करा.

४. दुरुस्ती त्यानंतर. एनटीएफएस डिस्क विंडोज संगणकाला लावून 'चेकडिस्क' चालवणे सर्वांत चांगले. विंडोज नसेल तर लिनक्समध्ये 'एनटीएफएसफिक्स' आहे. पण ते जुजबी दोषच काढते. दुरुस्तीच्या वेळी डिस्क माउंट केलेली नसावी.

त्या पालकांची डिस्क तिसऱ्या पायरीलाच उघडली. आवाज आधी कॉपी केला, दुरुस्ती मग केली.

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही मोफत मिळतात. मुलांना जरूर दाखवा.

आणि घरात एक नियम करा: 'इजेक्ट' केल्याशिवाय, 'आता काढा' असा संदेश आल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही. महत्त्वाच्या फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. आपल्या डिस्कमध्ये नातेवाइकांचेही फोटो असतात. ती त्यांची अमानत आहे.