साल्व्हियाचं वर्ष घटस्थापनेला सुरू होतं

घाटमाथ्यावरचा पाऊस ओसरू लागला, की मावळातल्या रोपवाटिकांत लाल साल्व्हियाची रोपं दिसू लागतात. लोणावळ्याच्या बंगल्यांत ती रांगेनं लावली जातात, थंडीभर फुलतात आणि उन्हाळा आला की उपटून फेकली जातात. ‘हंगामी आहे, संपला’ एवढंच त्यावर बोललं जातं. मला हे पटत नाही. साल्व्हियाला हंगामी आपण केलं आहे.

हा लाल साल्व्हिया मूळचा ब्राझीलचा, आणि तिथे तो वर्षानुवर्षं जगतो. थंड देशांत दंव गोठलं की मरतो, म्हणून तिथल्या माळ्यांनी त्याला एका वर्षाचं झाड मानलं. आपण तीच समजूत उचलली. लोणावळ्यात त्याला थंडी मारत नाही, आषाढ-श्रावणातला पाऊस मारतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या गावात मुळं सतत भिजून कुजतात. तिकडचा झाड जपणारा माळी हिवाळ्यात जे करतो, ते आपण पावसाळ्यात करायला हवं: झाड आडोशाला न्यायचं.

म्हणून लोणावळा-खंडाळ्यात साल्व्हिया कुंडीतच लावावा. आठ ते दहा इंची कुंडी पुरते. दोन भाग लाल माती, एक भाग मुरलेलं शेणखत आणि एक भाग भाताचं तूस. इंद्रायणी भाताच्या या मुलखात गिरणीवर तूस सहज मिळतं, आणि पाण्याचा निचरा त्यानं छान होतो. वडगाव-तळेगावकडे पाऊस बराच कमी, तिथे गादीवाफा करून जमिनीतही लावता येईल.

घटस्थापनेच्या सुमारास बी टाकावं. ते मातीखाली गाडू नये, वरच हलकं दाबावं. उगवायला त्याला उजेड लागतो. दोन आठवड्यांत रोपं वर येतात. चार-सहा पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडावा, म्हणजे झाड पसरतं आणि संक्रांतीला तुरे भरतात.

तुरा नीट पाहा. लांब नळीसारखं असतं ते खरं फूल, आणि ते लवकर गळतं. मागे राहणारा लाल पेला म्हणजे फुलाचा निदलपुंज. त्यामुळे फुलं सरली तरी तुरा लालच दिसतो आणि लोक तो तसाच ठेवतात. नळ्या गळल्या की तुरा खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापावा. बी धरण्यात जाणारी ताकद मग नव्या फुटव्याला मिळते.

नळीच्या तळाशी मध असतो. अमेरिकेत तो हमिंगबर्ड हवेत थांबून पितो. आपला शिंजीर शक्यतो बसून पितो, म्हणून कुंडीत झाडाच्या उंचीची एक काठी रोवावी. लाल साल्व्हियाच्या बुटक्या जातींपेक्षा उंच वाढणारा साल्व्हिया कोक्सिनिया त्याला सोयीचा, आणि तो आपलं बी आपणच पाडून पुन्हा उगवतो. मधमाश्या हव्या असतील तर निळा साल्व्हिया फॅरिनेशिया जोडीला लावावा.

मृगाच्या सरी येण्याआधी झाड निम्म्यावर छाटून कुंडी ओसरीत, उजेड येईल अशा जागी न्यावी. माती वरून सुकल्यावरच पाणी द्यावं. भाद्रपद सरताना कुंडीची माती बदलून तिला पुन्हा उन्हात ठेवावी. जुनं झाड नव्या रोपाच्या आधी फुलावर येतं.

मावळातल्या बऱ्याच बंगल्यांचे मालक शनिवार-रविवारी येतात आणि बाग माळ्याच्या हाती असते. माझी विनंती त्या मालकांना आहे. उन्हाळ्यात ‘जुनी रोपं काढून टाका’ असं सांगू नका. ‘छाटून आत ठेवा’ एवढंच सांगा. दरवर्षी रोपांवर होणारा खर्च वाचेल, आणि माळ्यानं वाढवलेलं झाड त्याच्याच हाताखाली पुढच्या वर्षी फुलेल.