पहिला कोण आला?

आयर्लंडमधल्या मराठी घरांत शनिवारी चार कुटुंबे जमली की जेवणे होईपर्यंत पाऊस, घरभाडी आणि मुंबईच्या तिकिटांचे दर हे विषय पुरतात. ताटे उचलली गेली की मात्र शाळेचा विषय हमखास निघतो आणि कोणीतरी ते वाक्य टाकतेच, "इथे शाळेत शिकवतात तरी काय हो? नुसती मज्जा!" त्यावर सगळ्यांच्या माना डोलतात. कोणाच्या तिसरीतल्या मुलीला अजून बाराचा पाढा येत नाही, कोणाच्या मुलाला शुक्रवारी गृहपाठच नसतो. वर्गात नंबर काढत नाहीत. प्रगतिपुस्तकात मात्र "वर्गमित्रांशी प्रेमाने वागतो" असे अगदी ठळकपणे लिहून येते. आता ह्या प्रेमाचे काय लोणचे घालायचे, असा एकंदर सूर.

मला हा सूर पटत नाही. आणि का पटत नाही ते गप्पांच्या ओघात नीट सांगता येत नाही (मध्येच कोणीतरी चहा ठेवू का विचारते), म्हणून आज लिहायला बसलो.

आधी एक गैरसमज. आयरिश लोक मुळातच मवाळ, त्यामुळे त्यांच्या शाळाही मवाळ, असे आपण धरून चालतो. तसे अजिबात नाही. इथे प्राथमिक शाळेच्या शेवटी प्रायमरी सर्टिफिकेट नावाची परीक्षा असायची. १९४३ साली ती सक्तीची झाली आणि १९६७ साली बंद केली. छडी तर त्याहून जास्त टिकली. शाळेत मुलांना मारायला बंदी आली १९८२ साली, आणि तो कायद्याने गुन्हा ठरला १९९७ मध्ये. पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही आयरिश सहकाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत शाळेबद्दल विचारून बघा. ते जे सांगतात ते ऐकून मला आमचे गणिताचे सर आठवतात. तेव्हा आजची शाळा ही हिरवळीसारखी आपोआप उगवलेली नाही. लोकांनी ठरवून, भांडून, चाळीस-पन्नास वर्षे घालवून ती बदलली आहे.

परीक्षा अजिबात नाहीत हेही खरे नाही. दुसरी, चौथी आणि सहावीत इंग्रजी वाचन आणि गणिताची प्रमाणित चाचणी होते, आणि तिचा निकाल पालकांना कळवतात. फक्त तो फळ्यावर लावत नाहीत, आणि कोण कोणाच्या पुढे हे मुलांना सांगत नाहीत. फरक एवढाच आहे. पण हा 'एवढाच' विज्ञानाच्या तासाला किती मोठा होतो ते मी बघितले आहे.

डब्लिनला आरडीएस म्हणजे रॉयल डब्लिन सोसायटी ही १७३१ साली स्थापन झालेली जुनी संस्था आहे. ती २०१९ पासून इथल्या वीज कंपनीच्या मदतीने ईएसबी सायन्स ब्लास्ट नावाचा कार्यक्रम भरवू लागली. तिसरी ते सहावीच्या वर्गांसाठी. अट अशी की अख्ख्या वर्गाने मिळून एक प्रश्न निवडायचा, त्याचा शोध घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून तो मांडायचा. हुशार चार पोरे निवडून पाठवायची सोय नाही! विज्ञान-तंत्रज्ञानात काम करणारी माणसे परीक्षक म्हणून येतात, मुलांशी बोलतात, काय आवडले आणि पुढे काय करून बघता येईल ते सांगतात. पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक नाही.

आमच्या चिरंजीवांच्या वर्गाने प्रश्न घेतला होता: चहात बुडवल्यावर कोणते बिस्किट सगळ्यात जास्त वेळ टिकते? (चहाच्या बाबतीत आयरिश आणि मराठी माणूस सख्खे भाऊ आहेत, हे एव्हाना तुम्हाला ठाऊक असेलच.) मी एक दुपार मदतनीस पालक म्हणून वर्गात होतो. चार प्रकारची बिस्किटे, मग, स्टॉपवॉच आणि अठ्ठावीस पोरे. सगळ्यांनी आधी अंदाज लिहिले. बहुतेकांचे मत जाडजूड बिस्किट जास्त टिकणार. पहिल्या दिवशीचे आकडे आले ते इतके उलटसुलट, की एकाच बिस्किटाला एका गटात आठ सेकंद आणि दुसऱ्या गटात पंचवीस.

माझ्या लहानपणी असे झाले असते तर सरांनी 'बरोबर' आकडे फळ्यावर लिहून दिले असते आणि आम्ही ते निमूटपणे उतरवून घेतले असते. प्रयोगवहीतले आकडे आधी आणि प्रयोग नंतर, ही पद्धत आपल्यापैकी कोणाला नवीन आहे? इथल्या बाईंनी फक्त विचारले, "गटागटांत काय वेगळे होते?" बराच वेळ कोणी बोलेना. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, आमच्या चहात दूध जास्त पडले. दुसरा म्हणाला, आम्ही गप्पा मारत बसलो, आमचा चहा गार झाला होता. तिसऱ्याने सांगितले की त्याने बिस्किट अर्धेच बुडवले, कारण त्याला ते नंतर खायचे होते. दहा मिनिटांत फळ्यावर यादी तयार: तापमान, दूध, किती बुडवायचे, कोणी हलवायचे नाही. दुसऱ्या आठवड्यात थर्मामीटर आणून, सगळे सारखे ठेवून पुन्हा प्रयोग केला. जाडजूड बिस्किट सगळ्यात आधी मगच्या तळाशी गेले.

चलपद म्हणजे काय, ते स्थिर का ठेवायचे, हे मी अकरावीत पाठ केले होते. ही पोरे दहा वर्षांची आहेत. आणि त्यांना ते समजले त्याचे कारण म्हणजे "आमचा चहा गार झाला होता" हे सांगायला त्या मुलाला भीती वाटली नाही. त्याच्या गटाला मार्क कमी पडणार नव्हते, घरी कोणी रागावणार नव्हते, वर्गात कोणी हसले नाही. त्याने ते दडवले असते तर सगळा प्रयोगच खोटा पडला असता.

आरडीएसहून आल्यावर सांगलीच्या आजीचा फोन. "कितवा नंबर आला?" नंबर नसतो, असे सांगितल्यावर दोन सेकंद शांतता आणि मग, "मग एवढ्या लांब गेले कशाला?" आजीचे सोडा, तिचे वय आहे. पण हाच प्रश्न त्या शनिवारच्या मैफलीत आयटीतल्या तिघांनी विचारला!

हा माझ्या पोटापाण्याशी जोडलेला विषय आहे म्हणून थोडे सांगतो. मी ज्या कारखान्यात आहे तिथे वैद्यकीय उपकरणे बनतात. तिथे काही बिघडले की पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी "माझ्या हातून असे असे झाले" म्हणणे हे सोन्याच्या मोलाचे असते. तो माणूस बोलला तर एक बॅच वाया जाते, नाही बोलला तर महिन्याने दहा बॅचेस परत मागवाव्या लागतात. आपल्याकडून आलेले इंजिनियर गणितात, आकडेमोडीत कोणाला हार जात नाहीत. पण मीटिंगमध्ये शंभर टक्के खात्री होईपर्यंत तोंड उघडत नाहीत, आणि वरिष्ठाचे चुकते आहे हे दिसत असूनही गप्प बसतात. हे मी वर्षानुवर्षे बघतो आहे. ही सवय नोकरीत लागत नाही, तिसरी-चौथीतच लागते.

कोडरडोजो हेही इथलेच पिल्लू. २०११ साली कॉर्कमध्ये जेम्स व्हेल्टन हा शाळकरी वयातून नुकताच बाहेर पडणारा मुलगा आणि बिल लियाओ हे उद्योजक यांनी सुरू केलेले, सात ते सतरा वयाच्या मुलांसाठी प्रोग्रामिंगचे मोफत क्लब. पुढे ते जगभर गेले. अनेक क्लबांत एक साधा नियम असतो: अडलास तर आधी तीन मुलांना विचार, मग मोठ्यांना. आपल्या शाळेत शेजाऱ्याला विचारणे म्हणजे कॉपी! असो.

आता दुसरी बाजू. इथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. १९९९ च्या प्राथमिक अभ्यासक्रमात वरच्या वर्गांना इतिहास, भूगोल आणि विज्ञान या तिघांना मिळून आठवड्याचे तीन तास दिले होते. म्हणजे विज्ञानाच्या वाट्याला जेमतेम एक तास. धर्मशिक्षणाला अडीच! एकच शिक्षक सगळे विषय शिकवतो, आणि ज्याला स्वतःला विज्ञानाची धास्ती आहे तो तो एक तासही रंगकाम करून घालवू शकतो. २०१९ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचणीत इथल्या चौथीच्या मुलांना गणितात ५४८ गुण पडले आणि विज्ञानात ५२८. दोन्ही ५०० च्या मध्यबिंदूच्या वर, पण विज्ञान मागे ते मागेच. २०२३ च्या नव्या आराखड्यात विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांची मोळी बांधून 'स्टेम' हा पाच विभागांपैकी एक केला आहे, आणि त्याच पाचांत 'वेलबीइंग' म्हणजे मुलांचे स्वास्थ्य हाही एक. कागद चांगला आहे. वर्गात किती उतरतो ते बघायचे.

शिवाय ऊठसूट "ब्रिलियंट", "सुपर", "अमेझिंग" म्हणण्याची जी इथे खोड आहे ती मला झेपत नाही. रेघ वाकडी आली तरी ब्रिलियंट. पोरे काही बावळट नसतात, फुकटचे कौतुक त्यांना बरोबर कळते. आणि पालकांची भीतीही अगदीच निराधार नाही, कारण प्राथमिक शाळेतून हाकलून दिलेली स्पर्धा पुढे लिव्हिंग सर्टच्या दारात दबा धरून बसलेली असते. ६२५ पैकी किती पॉइंट, यावर मेडिकल की आणखी काही ते ठरते. त्या वर्षी आयरिश घरातही आपल्या बारावीसारखेच सुतकी वातावरण असते. पण सतराव्या वर्षी शर्यत आहे म्हणून सातव्या वर्षापासून पळवायचे, हे गणित मला सुटत नाही.

आणि त्या "प्रेमाने वागतो" बद्दल. २०२५ च्या जुलैत डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसाला टोळक्याने मारहाण केली. पाठोपाठ आणखी बातम्या आल्या, वॉटरफर्डमध्ये तर एका लहान मुलीवर काही मुलांनीच हल्ला केल्याची. भारतीय दूतावासाने काळजी घ्या म्हणून सूचना काढली, फिनिक्स पार्कमधला इंडिया डे पुढे ढकलला गेला. त्या पंधरवड्यात आमच्या ग्रुपवर पाढ्यांची चर्चा कोणी केली नाही. पोराला एकटे पार्कात पाठवायचे की नाही, ही चर्चा होती. त्याच सप्टेंबरपासून 'बी किनॉल्टा' ही नियमावली सगळ्या शाळांना लागू झाली. आयरिश भाषेत त्याचा अर्थ 'दयाळू व्हा'. शाळेतला छळ, त्यात वंशावरून होणारा छळही आला, कसा रोखायचा याची ही नियमावली आहे, आणि मुलांना समजेल अशा सोप्या भाषेतही ती शाळेने द्यायची आहे. अशी एखादी नियमावली रस्त्यावरचे टोळके थांबवणार नाही, हे मलाही कळते. पण आमच्या मुलांना शाळेत कोणी रंगावरून काही बोलले तर ते येऊन सांगतील की गिळून टाकतील, हे शाळेच्या वातावरणावरच ठरते. "आमचा चहा गार झाला होता" हे सांगायला लागते तेच धैर्य इथेही लागते.

आता हे सगळे परदेशी फॅड आहे असे कोणी म्हणेल. नाही हो. आयआयटी कानपूरचे इंजिनियर अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरीला होते, तिथून होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्यांतून मुलांना भूमिती दाखवू लागले. पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कितीतरी खेळणी कचऱ्यातून उभी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सातारा जिल्ह्यात कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्गाचे रूपच पालटले, आणि ते बघायला महाराष्ट्रभरातून शिक्षक जात. म्हणजे हे आपल्या मातीत उगवते. आपण इथे येताना बरोबर काय आणायचे त्याची निवड चुकते, बाकी काही नाही. व्हॉल्व्ह ट्यूब मागे राहते आणि शनिवार-रविवारचे गणिताचे क्लास सामानात येतात.

पाढे घरी पाठ करून घ्या की! मीही घेतो, जेवताना, मराठीतून. त्याला शाळा कशाला लागते? शाळेकडून मागायचेच असेल तर विज्ञानाचा तो एक तास बुडवू नका हे मागा, आणि जमल्यास स्वतः जा. नोव्हेंबरात सायन्स वीक असतो, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंजिनियर्स वीक. बहुतेक बाई-सर पालक यायला तयार असले की खूश होतात. फक्त त्याआधी पोलिसांची, म्हणजे गार्डा व्हेटिंगची तपासणी लागते. तिचे काम शाळेच्या ऑफिसातून सुरू होते आणि त्याला कधी कधी काही आठवडे लागतात, तेव्हा अर्ज सप्टेंबरातच टाकलेला बरा. बिस्किटांचा खर्च शाळा करते.