शोमरोन्याचा परतीचा शब्द

लूकच्या शुभवर्तमानातला शोमरोनी जखमा बांधून थांबत नाही. उतारशाळेच्या मालकाला 2 दीनार देतो आणि परत येण्याचा शब्दही देतो. आपण मात्र ऑपरेशन पार पडलं की आभाराची प्रार्थना करून मोकळे!

तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन लागणार असेल, तर ते साधारण 6 आठवड्यांत सुरू व्हावं लागतं. मग आठवड्याचे 5 दिवस, कित्येक आठवडे. आयुष्मान कार्ड उपचाराचा खर्च उचलतं. उधना-लिंबायतच्या लूम कामगाराचा बुडालेला रोज नाही. जखम भरली, बरं वाटतंय, म्हणून तो कामावर परततो.

आपल्या धर्मग्रामात आजाऱ्यांची नावं मिस्सामध्ये वाचली जातात. त्या यादीत नावापुढे दवाखान्याची पुढची तारीख लिहावी, आणि त्या दिवशी सोबत रिक्षात कोण बसणार, तेही.