चिकटपट्टी, तांबे आणि प्रकाशाची सुरी

बंगळूर शहराच्या वायव्येस पीण्य ही विस्तीर्ण औद्योगिक वसाहत आहे. भारताचा पहिला उपग्रह 'आर्यभट' १९७५ साली अंतराळात गेला. त्याची बांधणी याच वसाहतीतील साध्या शेडमध्ये झाली होती. यंत्रांचे सुटे भाग आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री पुरविणारे पुष्कळ लहान कारखाने या भागात आहेत. अशा सामग्रीत एक वस्तू अगदी नगण्य दिसते, ती म्हणजे विद्युत्‌वाहक चिकटपट्टी.

ही पट्टी साध्या चिकटपट्टीची बहीण असली, तरी तिचा स्वभाव निराळा आहे. वर तांब्याचा पातळ पत्रा, त्याखाली ॲक्रिलिक गोंद, त्या गोंदात मिसळलेले निकेलसारख्या धातूचे सूक्ष्म कण आणि सर्वांत खाली सिलिकॉनचा लेप दिलेला कागद, अशी तिची रचना असते. काही पट्ट्यांत पत्र्याऐवजी तांबे व निकेल यांचा मुलामा दिलेले पॉलिएस्टरचे कापड असते. जेथे डाख देण्याची उष्णता सोसत नाही तेथे जोड साधणे, उपकरणातील विद्युत्‌चुंबकीय उपद्रव अडविणे, उपग्रहाच्या आवरणावर साठणारा विद्युत्‌भार वाहून नेणे, ही तिची कामे होत. पट्टी नुसती चिकटून भागत नाही. तिच्या सर्व पृष्ठभागातून, काठापर्यंत, वीज वाहिली पाहिजे. म्हणूनच ती कशी कापली जाते हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

आजवर हे काम साच्याने होत आले. प्लायवुडच्या फळीत पोलादी पात्याची पट्टी वाकवून बसवायची व ती दाबयंत्राखाली धरायची, ही ती रीत. एकाच आकाराचे लाखभर तुकडे हवे असतील, तर तिला आजही तोड नाही. परंतु बंगळूरसारख्या ठिकाणी मागणी अनेकदा पन्नास नगांची असते आणि पुढच्या आठवड्यात अभियंता एक भोक दोन मिलिमीटर सरकवितो. दर वेळी नवा साचा करणे परवडत नाही. तेथे लेसर उपयोगी पडतो, कारण त्याचा साचा म्हणजे संगणकातील एक आकृती. (मौज अशी, की साच्याच्या फळीत पाते बसविण्यासाठी लागणारी अरुंद खाच कापणे, हा लेसरच्या आरंभीच्या औद्योगिक उपयोगांपैकी एक होता.)

मात्र लेसर म्हटला की तो काहीही कापील, ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत लहान कारखानदाराला मोजावी लागते. कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार पटेल यांनी सिद्ध केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. महाराष्ट्राला ही गोष्ट अजून पुरेशी ठाऊक नाही. त्यांच्या लेसरने कागद, लाकूड, कापड, ॲक्रिलिक यांवर राज्य केले, आणि बाजारात स्वस्तात मिळणारी यंत्रे बहुधा याच जातीची असतात. परंतु त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर आहे, आणि या प्रकाशाला तांबे म्हणजे आरसा. शंभरांतील सुमारे अठ्ठ्याण्णव भाग ते परत धाडते. तेव्हा या यंत्राखाली पट्टी ठेवली, तर होते काय? तांबे जवळजवळ अबाधित राहते. कडेला उघडा पडलेला गोंद आणि कागद मात्र जळतात.

फायबर लेसरचा १.०६ मायक्रोमीटरचा प्रकाशही तांबे बव्हंशी परतवितेच. तरी अल्पकाळाच्या प्रखर स्पंदांनी तो पत्रा कापतो. पण येथे दुसरी अडचण उभी राहते. तांबे वितळते १०८५ अंश सेल्सिअसला. गोंद त्याच्या निम्म्याहून पुष्कळ कमी तापमानाला विघटन पावतो. तांबे उष्णतेचेही उत्तम वाहक असल्याने कापण्याची धग काठापासून आत पसरते, गोंद करपतो आणि नेमक्या काठाशीच पट्टीची पकड ढिली होते. शिवाय वितळून उडालेले तांब्याचे थेंब गोंदावर बसले, तर पुढे उपकरणात गेल्यावर ते नको तेथे विजेला वाट करून देतात. अतिनील लेसरच्या ०.३५५ मायक्रोमीटरच्या प्रकाशापैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक भाग तांबे शोषून घेते. म्हणून लहान स्पंदांच्या अनेक हलक्या फेऱ्या देऊन पत्रा आणि गोंद कापता येतो व खालचा कागद अखंड ठेवता येतो. कागद अखंड राहिला नाही, तर तुकडे एकेक करून सोलून लावताच येत नाहीत. अर्थात हे यंत्र महाग आहे आणि त्याचे काम सावकाश चालते.

यावरून योग्य तो निष्कर्ष असा, की लहान कारखान्याने यंत्राची निवड विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून करू नये. आपली पट्टी घेऊन आधी चाचणी करावी. कापलेला काठ डोळ्यांना स्वच्छ दिसतो, एवढ्यावर समाधान मानणे बरोबर नाही. काठाजवळचा विद्युत्‌रोध मोजावा, पट्टी सोलण्यास किती बल लागते ते पाहावे. पीण्यहून दूर नसलेल्या तुमकूर मार्गावर १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय यंत्रनिर्माण तंत्रज्ञान संस्था आहे. अशा सार्वजनिक संस्थांनी लहान उद्योगांसाठी चाचणीचे दार अधिक मोकळे करणे, हा देशाच्या पैशाचा उत्तम विनियोग ठरेल. प्रत्येकाने स्वतंत्रपणे एकच चूक करीत बसण्यापेक्षा ते खासच स्वस्त.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र कामगाराच्या देहाची आहे. कार्बन डायऑक्साइड लेसरचा प्रकाश साध्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या चष्म्याने अडतो. फायबर लेसरचा प्रकाश त्याच चष्म्यातून सरळ आत जातो. तो डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याचे भिंग त्याला थेट दृष्टिपटलावर एकवटते, आणि तेथे झालेली जखम भरून येत नाही. त्यातून कापायची वस्तू आरशासारखी! जुन्या यंत्राचा चष्मा नव्या यंत्रावर वापरणारा कारागीर स्वतःला सुरक्षित समजत उभा असतो. चष्म्यावर तो कोणत्या तरंगलांबीसाठी आहे हे छापलेले असते. तो आकडा यंत्रावरील आकड्याशी जुळला पाहिजे. आणि धूर तर दिसतोच: ॲक्रिलिकच्या वाफा, निकेलचे कण. निकेलची संयुगे कर्करोगकारक म्हणून मान्य झालेली आहेत. पट्टीचे अस्तर पीव्हीसीचे असेल, तर लेसरखाली हायड्रोजन क्लोराइड निघतो. अशी पट्टी लेसरने कापूच नये. झरोका आणि छताचा पंखा येथे पुरेसे नाहीत. कापण्याच्या जागीच धूर ओढून गाळणारी योजना हवी. ही योजना आणि तो चष्मा यंत्राच्या मागणीपत्रातच लिहिले जावेत, कारण एकदा यंत्र येऊन काम सुरू झाले, की त्यांची खरेदी पुढच्या वर्षावर ढकलली जाते.