भीतीचे संगीत आणि फुकटचे श्रम

भयपटातील भय पडद्यावर थोडे आणि कानांत अधिक असते. ओसाड वाड्याचे दार नुसते उघडले, तर ते दारच राहते. त्यामागे लांबवलेला खर्ज आणि मध्येच थांबलेला ठेका आला की प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. हे काम करणारा संगीतकार मात्र लघुपटाच्या व्यवहारात सर्वांत शेवटी आठवला जातो. चित्रीकरण लांबते, संकलन रखडते, महोत्सवाची तारीख तेवढी हलत नाही. सर्वांची दिरंगाई अखेर त्याच्या माथी येते आणि पंधरा दिवसांचे काम तीन रात्रींत उरकावे लागते. मोबदल्याचा विषय निघताच 'नाव होईल' हे उत्तर ठरलेले!

जुन्नर-आंबेगावच्या भूमीला कलावंताचे श्रम अपरिचित नाहीत. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामात गावोगावचे पुढारी तेथील फडांच्या राहुट्यांत येतात; सुपारी ठरते, तारीख ठरते, रक्कम ठरते. शहरी सुशिक्षित ज्याला अडाणी व्यवहार म्हणतो, त्यात निदान बोली तरी पक्की असते. आणि तरीही राष्ट्रपती पुरस्काराने गौरवलेल्या विठाबाई नारायणगावकर यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्यांचे निधन झाले. मानाने पोट भरत नाही, हा धडा याच तालुक्याने शिकवला आहे.

भय घाईने निर्माण होत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. २०१८ साली प्रदर्शित झालेला 'तुंबाड' पूर्ण होण्यास कित्येक वर्षे लागली. त्याचे शीर्षकगीत अजय-अतुल यांचे. या बंधूंच्या बालपणाची काही वर्षे जुन्नर आणि घोडेगाव येथे गेली. पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या जेस्पर कीड यांचे. प्रतिभेलाही अवधी लागतो, तो नाकारणे म्हणजे कामाची प्रतच नाकारणे होय.

कायद्याचा इतिहास बोलका आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, वेगळा करार नसल्यास मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटसंगीताचा पहिला मालक निर्माता ठरतो. पस्तीस वर्षांनी, २०१२ च्या दुरुस्तीने संगीतकाराचा हक्क मान्य झाला. चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनातील त्याचा वाटा आता निर्मात्याला लिहून घेता येत नाही. हक्काचे हस्तांतरणही लेखीच व्हावे लागते. पण ज्याच्या हाती कागदच नाही, त्याने हा हक्क कोणापुढे मांडावा?

यावर म्हटले जाते की, लघुपट काढणारा तरुण स्वतःच कफल्लक असतो. ते खरे आहे. परंतु कॅमेऱ्याचे भाडे रोख दिले जाते, जेवणाचे बिल चुकते होते. गरिबी आठवते ती केवळ ढोलकी, हलगी आणि संबळ वाजवणाऱ्यांपुढे. तोटा सर्वांनी वाटून घेणे हे सहकार्य; तो एकाच्याच गळ्यात बांधणे हे शोषण, मग बांधणारा हात मित्राचा का असेना.

मागणी अवाजवी नाही. अंतिम संकलन हाती आल्यापासूनचे दिवस, फेरबदलांची संख्या, रक्कम, इसार, वादकांची रोजंदारी आणि श्रेयनामावलीत त्यांची नावे एका कागदावर यावीत. पारितोषिक मिळाल्यास त्यात सर्वांचा वाटा असावा. ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांनी असा नमुना करार तयार करून तरुणांच्या हाती द्यावा. पुढच्या लघुपटाची सुरुवात कॅमेऱ्याने नव्हे, या कागदाने व्हावी.