केलेल्या कामाची साक्ष

घरांतील मुलगा परदेशीं जावयास निघाला, कीं चर्चा होते ती विमानभाड्याची, थंडीच्या कपड्यांची आणि मेतकूट-लोणच्याच्या बरण्यांची. मागें केलेल्या नोकरीचे कागद कोठें आहेत, हा प्रश्न सर्वांत शेवटीं निघतो. आणि ज्या दिवशीं तो निघतो त्या दिवशीं बहुधा उशीर झालेला असतो. हें मी केवळ इतरांचें पाहून लिहीत नाहीं. अशा एका उशिरांत माझा स्वतःचा वांटा आहे, म्हणून या खेपेस हा विषय घेतला आहे.

गेल्या श्रावणांत एक बाई यजमानांसह आमच्या नागांवच्या घरीं आल्या. शाळेचा कारभार माझ्याकडे होता त्या काळांत त्यांनीं आमच्या येथें चार वर्षें संगणक शिकविला होता. मुलांना शिकवावें, यंत्रें नीट राखावींत, निकालपत्रकांची व्यवस्था लावावी, हें सारें त्या एकट्या करीत. पुढें लग्न होऊन त्या पुण्यास गेल्या व तेथें एका कंपनींत आणखी चार वर्षें त्यांनीं त्याच प्रकारचें काम केलें. आतां उभयतांचा ऑस्ट्रेलियास जाण्याचा विचार आहे. चहा झाल्यावर त्यांनीं पिशवींतून एक कागद काढून माझ्यापुढें ठेवला. अक्षर माझेंच होतें. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत यांनीं शाळेंत काम केलें, वर्तणूक समाधानकारक. एवढ्या दोन ओळी, आणि खालीं माझी सही.

"सर, हा दाखला पुरत नाहीं," त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरांत रोष नव्हता. म्हणूनच तें मला अधिक लागलें.

हा दाखला कां पुरत नाहीं, हें समजण्यास त्या देशांची रीत जाणली पाहिजे. परदेशांतून येणाऱ्या कुशल माणसांस गुण देऊन निवडण्याची पद्धति कॅनडानें १९६७ सालीं सुरू केली. ऑस्ट्रेलियांतहि निवड गुणांवरच होते. वय, भाषा, शिक्षण व अनुभव यांचे गुण निरनिराळे मोजतात, आणि ऑस्ट्रेलियांत निदान ६५ गुण झाल्याशिवाय अर्जाचें दारच उघडत नाहीं. देशाबाहेर केलेल्या कामास तीन वर्षांपर्यंत कांहींच गुण नाहींत; तीन-चार वर्षांस ५, पांच ते सात वर्षांस १०, आणि आठ किंवा अधिक वर्षांस १५ गुण आहेत. मोजणी होते ती गेल्या दहा वर्षांतील कामाचीच. तें काम पगारी असावें, आठवड्यास निदान वीस तासांचें असावें, आणि ज्या व्यवसायाच्या नांवानें अर्ज करावयाचा त्याच्याशीं त्याचा निकट संबंध असावा. घरच्या दुकानांत बिनपगारी बसून काढलेलीं वर्षें कितीहि कष्टाचीं असलीं तरी या हिशेबांत येत नाहींत. एकत्र कुटुंबांतील तरुणांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

याखेरीज प्रत्येक व्यवसायाची एक परीक्षक संस्था असते. अभियंत्यांची निराळी, संगणकाच्या धंद्यांतील लोकांची निराळी. हा मनुष्य 'कुशल' केव्हांपासून समजावा, तें ती कागद तपासून ठरविते. त्या तारखेच्या आधींचें काम उमेदवारीच्या खातीं जमा होतें व त्यास गुण मिळत नाहींत. आतां आमच्या बाईंचा हिशेब पाहा. एकूण वर्षें आठ. समजा, उमेदवारीचीं म्हणून दोन वजा झालीं, तर उरलीं सहा. त्यांस १० गुण. परंतु शाळेचीं चार वर्षें मान्यच झालीं नाहींत, तर चारांतून दोन जाऊन उरतात दोन, आणि दोन वर्षांस गुण शून्य! माझ्या दोन ओळींच्या आळसाची किंमत ही.

कॅनडाचें माप थोडें निराळें आहे. तेथें कुशल कामगारांच्या एका योजनेंत १०० पैकीं ६७ गुण मिळवावे लागतात. त्यांत अनुभवाचे गुण एका वर्षास ९, दोन-तीन वर्षांस ११, चार-पांच वर्षांस १३, व सहा किंवा अधिक वर्षांस १५ असे आहेत. परंतु ही केवळ पहिली पायरी झाली. पुढें जी गुणानुक्रमें निवड होते तींत परदेशांतील अनुभव एकटा चालत नाहीं. उत्तम भाषा किंवा कॅनडांतीलच अनुभव यांचा हात धरूनच तो चालतो, आणि तीन वर्षांच्या पुढें त्याचा भाव वाढत नाहीं. जर्मनीनें २०२४ पासून कांहीं पदवीधर व प्रशिक्षित लोकांस जी वाट मोकळी केली, तींतहि गेल्या पांच वर्षांत निदान दोन वर्षांचें काम दाखवावें लागतें. सर्वत्र तात्पर्य एकच, कीं काम जुनें होऊं देऊं नये आणि कागद हरवूं देऊं नये.

न्यायशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर ज्यानें काम केलें त्यास तें प्रत्यक्ष असतें. परंतु दूरदेशींच्या अधिकाऱ्यास तें केवळ शब्दप्रमाणानेंच कळणार. म्हणून तो शब्द पुरता असला पाहिजे. दाखला संस्थेच्या छापील कागदावर असावा. त्यांत हुद्दा, आरंभाची व शेवटची तारीख, आठवड्याचे तास, वेतन, आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष कोणतीं कामें केलीं तीं स्पष्ट लिहावींत. खालीं सही करणाराचें नांव व हुद्दा असावा. त्यास जोड म्हणून पगारपत्रकें, बँकेचें पुस्तक, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा व प्राप्तिकराचे कागद ठेवावे. थळ, नागोठणें, डोलवी येथील मोठ्या कारखान्यांत आमचीं पुष्कळ मुलें ठेकेदाराच्या पटावर असतात. दरवाजावर नांव एकाचें आणि पगार दुसऱ्याचा, अशी तेथें स्थिति. तेव्हां दाखला पगार देणाराकडून, आणि काम कोठें केलें त्याचा उल्लेख त्यांत, अशी दक्षता घ्यावी.

या बाबतींत आमच्याच किनाऱ्यावरील खलाशी आम्हां लेखणीच्या लोकांहून शहाणे ठरले आहेत. मुरुड-श्रीवर्धनकडील जहाजावर जाणाऱ्या माणसाजवळ सी. डी. सी. नांवाची एक वही असते. कोणत्या जहाजावर, कोणत्या हुद्द्यानें, कोणत्या दिवशीं चढला व कोणत्या दिवशीं उतरला, याची नोंद तींत होते. ती वही तो जिवापलीकडे जपतो. कारण तिच्यावांचून पुढचें जहाज नाहीं. आम्ही मात्र इमानानें काम करतों आणि साक्ष कोणी तरी ठेवील, अशा समजुतींत राहतों.

एक इशारा मात्र अवश्य दिला पाहिजे. कागद अपुरा आहे म्हणून तो फुगविण्याचा मोह कोणी धरूं नये. सरकारी यादींतील कामांचें वर्णन शब्दशः उतरवून आणलेला दाखला अधिकाऱ्यास तत्काळ ओळखूं येतो. आणि खोटेपणा सिद्ध झाला तर कॅनडाचें दार पांच वर्षें बंद होतें. मला त्या बाईंचें कौतुक वाटलें तें यामुळेंच. "सर, जें मीं केलें तेवढेंच लिहा," असें त्यांनीं आपण होऊन सांगितलें.

शाळेच्या कागदावर लिहिण्याचा अधिकार मला आतां नाहीं. हल्लींच्या मुख्याध्यापकांनीं जुनीं हजेरीपत्रकें व पगाराचीं पानें आपुलकीनें शोधून दिलीं. परंतु त्यांनीं बाईंचें काम पाहिलेलें नव्हतें, तेव्हां त्याचें वर्णन ते कसें लिहिणार? म्हणून मीं अलिबागेस जाऊन शपथपत्र केलें. तास, वर्ग, कामें, जें डोळ्यांनीं पाहिलें तें सारें चार पानें लिहिलें. परीक्षक त्यास किती वजन देतील तें त्यांच्या हातीं. निकाल अद्याप यावयाचा आहे.

असो. घरोघरच्या वडील मंडळींस माझें एवढेंच सांगणें आहे, कीं मुलानें वा सुनेनें नोकरी सोडली तर त्याच आठवड्यांत पूर्ण दाखला मागावयास लावावें. आणि ज्यांच्या हातीं सही आहे त्यांनीं दोन ओळींवर भागवूं नये. लिहिणारास अर्धा तास लागतो, परंतु त्यावर दुसऱ्याचीं चार वर्षें उभीं असतात.