दिवेलागणीनंतरचे संग्रहालय

ज्ञानमंदिराची दारे कोणत्या वेळी उघडी असावीत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो. वस्तुतः तो न्यायाचा प्रश्न आहे. आपल्याकडील बहुतेक वस्तुसंग्रहालये सकाळी दहाच्या सुमारास उघडतात आणि सायंकाळी पाच-साडेपाचला मिटतात. जी वेळ कचेरीची, कारखान्याची, शेताची आणि दुकानाची, नेमकी तीच संग्रहालयाची. साहजिकच तेथे दिसतात ती रांगेने चालणारी शाळकरी मुले आणि हाताशी वेळ असलेले परगावचे प्रवासी. ज्याच्या करातून यांतील अनेक संग्रहालये चालतात, तो कामकरी वा चाकरमानी गृहस्थ लहानपणी सहलीत एकदा 'अजबखाना' पाहून येतो, आणि पुढे स्वतःच्या मुलांना दाखवायला नेईपर्यंत त्या वास्तूची पायरी चढत नाही. नेतो तेव्हाही त्याचे सारे लक्ष मुलांचे हात काचेपासून दूर ठेवण्यात असते. शिक्षण ही बालपणीच उरकून टाकण्याची गोष्ट आहे, असा जो समज आपल्या समाजात घर करून बसला आहे, त्याचे हे एक ठळक लक्षण होय.

पाश्चात्त्य देशांत या समजाला छेद देणारा एक उपक्रम आता चांगला रुळला आहे. लंडनचे विज्ञान-संग्रहालय ठराविक सायंकाळी केवळ प्रौढांसाठी उघडे राहते. सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन मोठ्या विज्ञानसंस्थांनी गुरुवारची संध्याकाळ प्रौढांसाठी राखून ठेवली आहे. बर्लिन शहरात १९९७ पासून 'संग्रहालयांची दीर्घ रात्र' साजरी होऊ लागली आणि ती प्रथा युरोपभर पसरली. परंतु ही कल्पना आजकालची नव्हे. १८५७ मध्ये लंडनला साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय उघडले, तेव्हा त्याचे संचालक हेन्री कोल यांनी तेथे वायुदीप लावून घेतले, ते एवढ्याचसाठी की दिवसभर राबणाऱ्या माणसाला रात्री तेथे येता यावे आणि मद्यगृहाखेरीज दुसरे एखादे ठिकाण त्याला मोकळे असावे.

तथापि, यासाठी लंडनकडेच पाहण्याचे कारण नाही. कोल यांनी वायुदीप लावण्याच्या दोन वर्षे आधी, १८५५ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा आहे, त्याला रात्र तरी स्वतःची मिळाली पाहिजे, हा विचार या भूमीत तेव्हाच रुजला होता. आपले कीर्तन रात्रीचे, भजन रात्रीचे. वसंत व्याख्यानमालेचे श्रोतेही दिवसाचे काम आटोपूनच येत आले. २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशातील दहा संरक्षित स्मारके रात्री नऊपर्यंत खुली ठेवण्याचे जाहीर केले आणि त्यांत गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंड्याची मंदिरे होती. स्मारकांना जे मानवते, ते संग्रहालयांना न मानवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

'केवळ प्रौढांसाठी' या शब्दांनी मात्र काही भुवया उंचावतील, हे आम्ही जाणतो. चित्रपटांच्या प्रमाणपत्रांनी हे शब्द इतके बदनाम करून ठेवले आहेत की, त्यांत काही तरी चोरटे असलेच पाहिजे, अशी आपली समजूत झाली आहे. शिवाय परदेशातील अशा कार्यक्रमांत पुष्कळदा मद्याचा प्यालाही असतो. कोल यांनी ज्याला पर्याय म्हणून संग्रहालयात दिवे लावले, तेच आज दिव्यांच्या सोबतीने आत यावे, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल. आम्हांला त्याची गरज वाटत नाही. चहाचा पेला पुरेसा आहे. प्रौढांची सायंकाळ हवी ती निराळ्याच कारणासाठी. मुलांसमोर वडीलधाऱ्या माणसाला आपले अज्ञान उघड करण्याचा संकोच वाटतो. "हे काय आहे?" असे विचारण्याचा हक्क जणू लहानांचाच आहे. तो हक्क मोठ्यांना परत मिळवून देणे, हाच अशा सायंकाळचा खरा हेतू असला पाहिजे.

हे सर्व पुण्या-मुंबईपुरते ठेवावयाचे असेल, तर आम्ही हा विषय अग्रलेखासाठी घेतला नसता. आमच्या डोळ्यांसमोर आहेत ते शिरूर आणि दौंड हे दोन तालुके. रांजणगावच्या आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत पाळ्यांवर राबणारे कामगार, दौंड जंक्शनचे रेल्वे कर्मचारी, पहाटेच्या गाडीने पुण्याला जाऊन रात्री परतणारे नोकरदार, ऊस आणि कांदा पिकविणारे शेतकरी: यांच्यापैकी कोणाचाही दिवस मोकळा नाही. आणि तरीही महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्याची हकीकत त्यांच्याच मातीतून निघालेली आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी आदी संशोधकांनी उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत नांदलेले एक गाव उजेडात आणले. हे लोक जव पिकवीत. पुराचे पाणी पाटाने वळवून घेत. तान्हे मूल दगावले तर दोन कुंभांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत त्याला ठेवीत आणि ते कुंभ राहत्या घराच्या भुईतच पुरीत. मोठ्या माणसाला पुरताना त्याचे पाय घोट्यापासून तोडीत. गेलेला जीव घर सोडून दूर जाऊ नये, अशी त्यामागील श्रद्धा असावी, असे संशोधकांचे अनुमान आहे. एकच प्रौढ पुरुष असा सापडला की, त्याचे पाय शाबूत होते आणि त्याला चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात बसविलेले होते. पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस हटत गेला असावा. चौकोनी प्रशस्त घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती रोडावली, शिकार व गुरे यांवर भिस्त वाढली आणि अखेर गाव उठले.

या गोष्टी सहलीच्या रांगेत उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलाला सांगण्याच्या आहेत काय? ज्या आईबापांनी मूल गमावले आहे, त्यांना त्या जोडकुंभांचा अर्थ पंडिताहून अधिक कळेल. ज्याने विहीर आटताना पाहिली आहे, त्याला त्या गोल झोपड्यांचे दुःख समजावून द्यावे लागणार नाही. शिरूर व दौंड हे आजही अवर्षणप्रवण तालुके आहेत. आपल्या आधी याच नदीकाठी माणसे पाण्यासाठी झुंजली आणि हरली, हे ज्ञान येथील शेतकऱ्याला शोभेसाठी नव्हे, विचारासाठी हवे. परंतु इनामगावचे अवशेष पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. ते पाहावयाचे तर इनामगावच्या माणसाला एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते. असाच प्रकार पाबळचा. मस्तानीची कबर शिरूर तालुक्यात पाबळला आहे आणि मस्तानी महालाचे अवशेष पुण्यात राजा केळकर संग्रहालयात. दोन्ही एकाच कथेचे भाग. पण दोहोंची गाठ घालून देणारा कोणी नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, महिन्यातून एक संध्याकाळ, एकदा शिरूरला आणि एकदा दौंडला, सात ते दहा या वेळात, 'प्रौढांचे संग्रहालय' भरवावे. त्यासाठी नवी इमारत नको. नगरपरिषदेचे वा एखाद्या शाळेचे सभागृह पुरे. मूळ वस्तू हलविणे धोक्याचे असेल तर उत्तम प्रतिकृती आणाव्यात. सोबत अभ्यासकाने सोप्या मराठीत बोलावे आणि मग श्रोत्यांना बोलू द्यावे. खापरावरून कुंभाराचा हात कसा फिरला असेल, हे गावचा कुंभार सांगेल. पाटाचा उतार बरोबर होता की नाही, हे शेतकरी सांगेल. पुण्यातील संग्रहालयांनीही महिन्यातून एक शनिवार रात्री नऊपर्यंत दारे उघडी ठेवावीत. केळकरांनी जमविलेले दिवे एकदा तरी दिवेलागणीनंतर पाहावयास मिळावेत, ही अपेक्षा अवास्तव नाही.

आक्षेप अर्थातच येतील. रखवालदाराचा जादा पगार, विजेचा खर्च, वस्तूंची सुरक्षितता हे प्रश्न खरे आहेत. पण ते सोडविता येण्याजोगे आहेत. त्याहून अवघड प्रश्न स्त्रियांचा आहे. मुलांना मज्जाव केला की आईलाही आपोआप मज्जाव होतो. तेव्हा शेजारच्या खोलीत मुलांसाठी गोष्टी सांगणारे कोणी असले पाहिजे, रस्त्यावर दिवे असले पाहिजेत, आणि परतण्यासाठी एस.टी.ची गाडी असली पाहिजे. एवढे केले नाही, तर 'प्रौढ' या शब्दाचा अर्थ केवळ 'पुरुष' असा होईल आणि फुल्यांच्या रात्रशाळेचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

ज्या गावाला प्यायला पाणी नाही त्याला संग्रहालय कशाला, असेही कोणी विचारील. इनामगावचे उत्तर असे की, पाणी व स्मृती या दोन वेगळ्या गरजा नव्हेत. ज्या माणसांनी त्या काळी पुराचे पाणी अडवून पाटाने वळविले, त्यांची आठवण विझू देणे हाही एक दुष्काळच आहे. जिल्हा परिषद, दोन्ही नगरपरिषदा आणि डेक्कन कॉलेज यांनी एकत्र बसून यंदाच्या हिवाळ्यात पहिली सायंकाळ भरवावी. खर्च फार नाही. इच्छा मात्र हवी.